घरकामाची मिनिटं, नोकरीतली वजाबाकी आणि 'तिने स्वतःच निवडलं'

नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून विचारलं की घरकामातला किती टक्के वाटा तुमचा, तर दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक वेळा शंभराच्या वर जाते. यात कुणी मुद्दाम खोटं बोलत नसतं. आपण केलेलं काम आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलेलं नजरेआड होतं. पण नुसतं नवऱ्यांना विचारून कुणी 'पुरुष आता एवढं घरकाम करतात' असा मथळा छापला, तर तो आकडा फुगलेला असेल. स्त्री-पुरुष, नोकरी, मूल आणि लैंगिकता यांविषयी समाजशास्त्र जे सांगतं, त्यातला जवळजवळ प्रत्येक आकडा कुणीतरी कुणालातरी ठरावीक शब्दांत विचारलेल्या प्रश्नातून आलेला असतो. प्रश्न बदलला की आकडा बदलतो, कधी कधी निष्कर्षही उलटतो. म्हणून हे मोजमाप होतं कसं, ते आधी समजून घ्यायला हवं.

मिनिटं मोजताना

'आठवड्याला किती तास घरकाम करता?' हा प्रश्न सोपा आणि स्वस्त आहे, पण उत्तर फुगवतो. अमेरिकेत असं थेट विचारून मिळालेले तास रोजनिशीतल्या तासांपेक्षा साधारण दीडपट निघाले. रोजनिशीच्या पद्धतीत काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केलं, याची क्रमाने नोंद होते. पहाटे चार यासाठी, की तेव्हा बहुतेक लोक झोपलेले असतात आणि कुठलं काम अर्ध्यावर तुटत नाही. चोवीस तासांचा हिशेब जुळलाच पाहिजे, त्यामुळे एका कामाचा वेळ वाढवून सांगायचा तर दुसऱ्याचा कापावा लागतो. ही आपोआप होणारी कात्री हेच या पद्धतीचं खरं बळ. हंगेरीचे समाजशास्त्रज्ञ अलेक्झांडर सलाई यांच्या नेतृत्वाखाली १९६५-६६ मध्ये बारा देशांत एकाच साच्याने असा अभ्यास झाला, आणि तेव्हापासून देशादेशांची तुलना शक्य झाली.

रोजनिशीचेही दोष आहेत. नोंद अर्ध्या-अर्ध्या तासाच्या कप्प्यांत घेतली, तर सात मिनिटांची कामं गळून पडतात, आणि घरकामात सात मिनिटांचीच कामं जास्त. दुसरा दोष दोन कामं एकाच वेळी करण्याचा. स्वयंपाक करताना मुलाकडे लक्ष ठेवलं, तर प्रमुख काम म्हणून स्वयंपाक लिहिला जातो आणि मुलाची राखण पुसली जाते. म्हणून चांगल्या सर्वेक्षणात 'त्याच वेळी आणखी काय चाललं होतं?' असा दुसरा रकाना असतो. तो नसेल तर मुलांच्या संगोपनाचा आकडा कमी आलेला आहे, असं धरूनच पुढे वाचावं.

आता सरासरी. भारताच्या २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या विनामोबदला कामाला स्त्रिया दिवसाला २९९ मिनिटं आणि पुरुष ९७ मिनिटं देतात असं निघालं. बातम्यांत हाच आकडा फिरला. वाचणाऱ्याला वाटतं, बायका पुरुषांच्या तिप्पट काम करतात. पण ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्यांची आहे. सहा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी ८१.२ टक्क्यांनी त्या दिवशी घरकाम केलं होतं, पुरुषांपैकी २६.१ टक्क्यांनी. सगळ्यांची सरासरी काढायची तर २९९ ला ०.८१२ ने गुणायचं, म्हणजे २४३ मिनिटं. ९७ ला ०.२६१ ने गुणायचं, म्हणजे जेमतेम २५. तिपटीचं अंतर जवळजवळ दहापट झालं. दोन्ही आकडे खरे आहेत, त्यांचे प्रश्न मात्र वेगळे आहेत. 'जो पुरुष हात लावतो तो किती वेळ लावतो?' हा पहिला, आणि 'हात लावतात किती जण?' हे धरून काढलेला दुसरा. खरी दरी पहिल्यापेक्षा दुसऱ्यात आहे, आणि मथळ्यात नेमकी तीच सापडत नाही.

त्याच्याही आधी काम म्हणजे काय, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीत घरासाठी पाणी भरून आणणं हे उत्पादन धरलं जातं, पण त्याच पाण्याने घरच्यांसाठी स्वयंपाक करणं धरलं जात नाही. वस्तू स्वतःसाठी मिळवली तर ती हिशेबात येते. सेवा स्वतःच्या घराला दिली तर ती बाहेर राहते. ही रेघ निसर्गाने आखलेली नाही. ब्रिटनमध्ये ॲन ओकली यांनी लंडनमधल्या चाळीस गृहिणींच्या मुलाखती घेऊन १९७४ मध्ये घरकामाकडे नोकरीसारखंच पाहिलं. कामाचे तास किती, कंटाळा किती, कामावर ताबा कुणाचा, असे प्रश्न त्यांनी विचारले. सरासरी आठवड्याला ७७ तास निघाली. त्या वेळी बायका काय 'असतात' यावर लिहिणारे पुष्कळ होते. त्या काय 'करतात' हे विचारण्याची कल्पना नवी होती. आंतरराष्ट्रीय कामगार सांख्यिकी तज्ज्ञांच्या परिषदेने तर २०१३ मध्ये कुठे 'काम' आणि 'रोजगार' वेगळे केले: दुसऱ्याच्या किंवा स्वतःच्या उपयोगासाठी वस्तू-सेवा निर्माण करणं ते सगळं काम, आणि त्यातलं मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं तेवढा रोजगार.

मिनिटांत न मावणारा भाग शिल्लक राहतोच. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये पस्तीस जोडप्यांच्या मुलाखतींतून घर चालवण्यामागच्या विचारांच्या कामाचे चार टप्पे वेगळे केले. पुढे काय लागणार हे आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि ठरल्याप्रमाणे झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. यातला निर्णयाचा टप्पा दोघं मिळून पार पाडतात. पहिला आणि शेवटचा बहुतेक घरांत बाईकडे असतो. म्हणजे मुलाला लस कधी द्यायची हे 'आम्ही दोघांनी ठरवलं' हे खरंच असतं, पण ती तारीख जवळ आली हे आधी लक्षात येण्याचं आणि नंतर नोंद झाली का ते तपासण्याचं काम एकीचंच. 'घरातले निर्णय कोण घेतं?' एवढंच विचारणारी प्रश्नावली त्या घराला समान वाटणीचं घर ठरवते. त्या प्रश्नावलीत हे काम येतच नाही.

आई झाल्यावर पगार का घटतो

आया आणि मूल नसलेल्या बायका यांच्या पगाराची नुसती तुलना काही सिद्ध करत नाही. आधीपासून कमी पगाराच्या नोकरीत असलेल्यांनाच मुलं लवकर होत असतील, तर कारण कुठलं आणि परिणाम कुठला? ही गाठ सोडवण्याचे दोन चांगले मार्ग आहेत, आणि ते दोन निराळ्या गोष्टी मोजतात.

पहिला मार्ग बनावट अर्जांचा. शेली कॉरेल, स्टीफन बेनार्ड आणि इन पाइक यांचा २००७ चा अभ्यास याचा नमुना मानतात. त्यांनी खऱ्या जाहिरातींना जोडीजोडीने अर्ज पाठवले: शिक्षण, अनुभव, गुणवत्ता सारखी, फरक एवढाच की एक अर्जदार पालक. पण अर्जात कुणी 'मला दोन मुलं आहेत' असं लिहीत नाही, म्हणून खूण सूचक ठेवली: एकीच्या अर्जात पालक-शिक्षक संघात काम केल्याची ओळ, दुसरीच्या अर्जात तशाच दुसऱ्या संस्थेची. कोणत्या अर्जावर ही ओळ घालायची हे आलटून पालटून ठरवलं, नाहीतर अर्जाच्या मांडणीचाच परिणाम मातृत्वाच्या नावावर जमा झाला असता. ६३८ जागांसाठी १,२७६ अर्ज गेले. मूल नसलेल्या स्त्रियांना आयांच्या दुप्पट, नेमकं सांगायचं तर २.१ पट, बोलावणी आली. बाप असलेल्या पुरुषांचं काही नुकसान झालं नाही. सोबतच्या प्रयोगशाळेतल्या भागात विद्यार्थ्यांना हेच अर्ज वाचायला दिले, तेव्हा त्यांनी आईसाठी सुचवलेला पगार ११,००० डॉलरने कमी होता, आणि उशिरा येण्याची सवलतही तिला कमी होती. हा दुसरा भाग महत्त्वाचा, कारण बोलावणी का घटतात हे नुसत्या अर्जांवरून कळत नाही. वाचणाऱ्यांच्या मनात आईची कामावरची निष्ठा आणि कुवत दोन्ही खाली सरकतात, हे इथे दिसलं.

दुसरा मार्ग काळाचा. अर्थशास्त्रज्ञ हेन्रिक क्लेव्हन आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कच्या सरकारी नोंदी घेऊन पहिल्या मुलाचं जन्मवर्ष शून्य धरलं आणि त्याआधीची काही वर्षं, नंतरची वीस वर्षं मांडली. आधी स्त्री-पुरुषांच्या कमाईच्या रेषा जवळजवळ समांतर चालतात. शून्यावर स्त्रियांची रेषा कोसळते, पुरुषांची हलतही नाही. वीस वर्षांनीही स्त्रियांची कमाई सुमारे २० टक्क्यांनी मागेच राहते. हे डेन्मार्कमधलं चित्र आहे, जिथे पाळणाघरं आणि रजा यांची सोय जगात उत्तम समजली जाते.

पण हे २० टक्के म्हणजे सगळा मालकाचा भेदभाव नव्हे. त्यात तीन गोष्टी जवळपास सारख्या वाट्याने आहेत: नोकरी सोडणं, तास कमी करणं आणि तासाचा दर घटणं. बनावट अर्जांची पद्धत मालकाचं वागणं पकडते, तेही फक्त पहिल्या बोलावण्यापुरतं. काळाची पद्धत सगळ्याचा एकत्र परिणाम पकडते, पण त्यात मालकाच्या वागण्याचा वाटा किती आणि घरातल्या निर्णयांचा किती हे सांगत नाही. दोन्ही आकडे एकाच वाक्यात 'आयांवर अन्याय' म्हणून गुंडाळले, की समोरचा लगेच विचारतो: तास तर तिनेच कमी केले ना?

निवड तपासायची कशी

हा प्रश्न टाळून चालणार नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ कॅथरीन हकीम यांनी २००० मध्ये मांडलं की आधुनिक श्रीमंत समाजांत स्त्रियांना खरा पर्याय मिळालाय आणि त्यांच्या आवडीच वेगवेगळ्या आहेत: साधारण २० टक्के घराकडे झुकलेल्या, २० टक्के करिअरकडे, उरलेल्या ६० टक्के दोन्ही सांभाळू पाहणाऱ्या. मांडणी आकर्षक आहे, कारण ती बायकांना एकसाची मानत नाही. पण आवड मोजली कुठल्या क्षणी, हा तिचा कच्चा दुवा. माणूस परिस्थितीशी जुळवून घेतो आणि मग जे जुळलं त्यालाच आवड म्हणतो. तडजोड झाल्यावर विचारलं तर तडजोडच आवड म्हणून नोंदली जाते.

पामेला स्टोन यांनी अमेरिकेतल्या उच्चशिक्षित, मोठ्या पदांच्या नोकऱ्या सोडलेल्या चोपन्न स्त्रियांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या आणि २००७ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. 'ही माझी निवड होती' असं बहुतेकींनी सांगितलं. पण नोकरीच्या शेवटच्या वर्षाची हकीकत क्रमाने विचारल्यावर दुसरंच चित्र उभं राहिलं: कमी तासांची मागणी नाकारली गेली, किंवा मान्य करून बिनमहत्त्वाचं काम दिलं गेलं, आणि नवऱ्याचे कामाचे तास इतके लांब की घरी दुसरं कुणी उरतच नव्हतं. मुलाखतीची कला इथे आहे. 'का सोडली?' विचारलं तर लोक कारण देतात, आणि कारण समाजाला पटेल असंच देतात. 'मग त्यानंतर काय झालं?' असं पायरीपायरीने विचारलं तर घटना मिळतात.

कॅथलीन गेर्सन यांनी एकशेवीस तरुण अमेरिकनांना पहिल्या पसंतीसोबत 'ते जमलं नाही तर?' असंही विचारलं. पहिली पसंती स्त्री-पुरुष दोघांची बहुधा एकच होती: दोघंही कमावणारे, दोघंही घर पाहणारे. दुसऱ्या पसंतीवर वाटा फुटल्या. बहुतेक स्त्रिया म्हणाल्या, मग मी स्वतःच्या पायावर उभी राहीन, अगदी एकटी राहावं लागलं तरी. बहुतेक पुरुष म्हणाले, मग मी मुख्य कमावता आणि ती मुख्यतः घर पाहील. एकमेकांशी लग्न करणाऱ्या दोन माणसांच्या पडत्या काळातल्या योजना इतक्या विरुद्ध असाव्यात आणि लग्नाआधी कुणी त्या विचारूच नयेत, हे सगळ्या जोडप्यांनी एकदा बसून बोलण्यासारखं आहे.

डेव्हिड पेडुला आणि सारा थेबो यांनी २०१५ मध्ये याचाच प्रयोग केला. अविवाहित, मूल नसलेल्या १८ ते ३२ वयाच्या तरुणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट केले. भावी संसार कसा हवा हे सगळ्यांना विचारलं, पण समोर ठेवलेले पर्याय वेगळे. एका गटाच्या यादीत समान वाटणीचा पर्यायच नव्हता. दुसऱ्यात होता. तिसऱ्यात तो होताच, शिवाय प्रश्नातच सांगितलं होतं की पाळणाघराला अनुदान, पगारी रजा आणि लवचिक वेळा उपलब्ध आहेत असं समजा. समान वाटणीचा पर्याय दिसताच, शिक्षण कमी असो वा जास्त, स्त्री असो वा पुरुष, बहुसंख्यांनी तोच घेतला. तो काढून घेतल्यावर दोघांची उत्तरं फाकली. आणि सोयींचा उल्लेख वाचल्यावर स्त्रिया समान वाटणीकडे आणखी सरकल्या. बोलण्यातली आवड आणि प्रत्यक्ष वागणं यांत अंतर असतंच, हा आक्षेप इथेही लागू आहे. तरी या प्रयोगाने एक गोष्ट पक्की केली: पसंती मोजताना समोर कुठले पर्याय ठेवले होते, हे सांगितल्याशिवाय 'बायकांना हेच हवं असतं' हे वाक्य अपुरं आहे.

लैंगिकता: एकच माणूस, तीन उत्तरं

समलिंगी लोक किती टक्के? हा प्रश्न जसा विचारला जातो तसा त्याला उत्तर नाही. एडवर्ड लाउमन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अमेरिकेत १८ ते ५९ वयाच्या ३,४३२ लोकांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेतल्या आणि तीन गोष्टी वेगळ्या विचारल्या: आकर्षण कुणाचं वाटतं, संबंध कुणाशी आले, आणि स्वतःला काय म्हणवता. स्वतःला समलिंगी किंवा उभयलिंगी म्हणवणारे पुरुष २.८ टक्के निघाले, स्त्रिया १.४ टक्के. तिन्हींपैकी निदान एका प्रश्नाला होकार देणारे पुरुष १०.१ टक्के, स्त्रिया ८.६ टक्के. माणसं तीच, सर्वेक्षण तेच. आरोग्याचा कार्यक्रम आखायचा तर वागणं महत्त्वाचं, भेदभाव मोजायचा तर ओळख, किशोरवयातला मानसिक ताण समजायचा तर आकर्षणही. यातला एक आकडा दुसऱ्याच्या जागी वापरला की कार्यक्रम चुकीच्या माणसांपर्यंत जातो.

इथे नमुना कसा निवडला हेही पाहावं. अमेरिकेत आल्फ्रेड किन्सी यांनी १९४८ आणि १९५३ मध्ये हजारो मुलाखतींवर आधारलेलं काम प्रसिद्ध केलं आणि विषयावरचं झाकण उघडलं, पण बोलायला तयार असलेली माणसं गोळा करून देशाची टक्केवारी काढता येत नाही. ब्रिटनमध्ये यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या नमुन्याचं मोठं सर्वेक्षण ठरलं तेव्हा १९८९ मध्ये थॅचर सरकारने निधी नाकारला. वेलकम ट्रस्टने पैसे दिले आणि १९९०-९१ मध्ये जवळजवळ १९ हजार लोकांशी बोलणं झालं. ते सर्वेक्षण साधारण दर दहा वर्षांनी होत आलं आहे.

त्याच्या २०१०-१२ च्या फेरीत पुरुषांनी आयुष्यातल्या भिन्नलिंगी जोडीदारांची सरासरी १४ सांगितली, स्त्रियांनी ७. हे गणितात बसत नाही, कारण बंद समाजात प्रत्येक अशा संबंधाला एक पुरुष आणि एक स्त्री लागते. दोन्ही सरासऱ्या जवळपास सारख्याच यायला हव्यात. मग फरक आला कुठून? काही थोडे पुरुष प्रचंड मोठे आकडे सांगतात. स्त्रिया एकेक मोजतात, पुरुष अंदाजाने गोल आकडा देतात. आणि बाईने किती सांगावं याचं दडपण वेगळं असतं. हे तिन्ही हिशेबात घेतल्यावर सातचं अंतर तीनच्या आत आलं. म्हणून अशा विषयात सरासरीपेक्षा मध्यक, म्हणजे सगळी उत्तरं चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, विचारावा. दोनचार अवाढव्य उत्तरांनी तो हलत नाही.

लहान गटाच्या बाबतीत एक वेगळीच चूक घात करते. समजा दहा हजार लोकांत खरा गट एक टक्का, म्हणजे शंभर जण. उरलेल्या ९,९०० पैकी फक्त एक टक्का लोकांनी चुकून किंवा गंमत म्हणून तोच चौकोन टिपला, तर ९९ खोटे सदस्य आत आले. गटाचा निम्मा भाग बनावट, आणि त्यावर काढलेला प्रत्येक निष्कर्ष तसाच. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत समलिंगी जोडप्यांची संख्या आधी ९,०१,९९७ आली. भिन्नलिंगी जोडप्यांपैकी थोड्यांनी स्त्री-पुरुषाचा चौकोन चुकीचा भरला होता, हे धरून जनगणना खात्यानेच ती ६,४६,४६४ वर आणली. २०१२ मध्ये समलिंगी पालकांच्या मुलांचं नुकसान होतं असा दावा करणारा मार्क रेग्नेरस यांचा अभ्यास गाजला. त्यात पालकाचा कधीतरी समलिंगी संबंध आला एवढ्यावरून मूल त्या गटात टाकलं होतं, मग ते त्या जोडप्याच्या घरात वाढलं असो वा नसो. सायमन चेंग आणि ब्रायन पॉवेल यांनी २०१५ मध्ये कच्ची माहिती पुन्हा तपासली, तर त्या गटात पंचवीस वर्षांचा एक इसम होता: उंची ७ फूट ८ इंच, वजन ८८ पौंड, आठ लग्नं आणि आठ मुलं. अशा नोंदी आणि चुकीचं वर्गीकरण दुरुस्त केल्यावर दाव्यातला बहुतेक भाग उरला नाही. पण तोवर तो न्यायालयांपर्यंत पोचला होता. खऱ्या कुटुंबांच्या हक्कांवर अशा आकड्यांनी वाद घातला गेला, हे चीड आणणारं आहे.

राहिला प्रश्न, लोकांनी खरं सांगावं कसं. १९७० मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लॉड हम्फ्रीज यांनी सार्वजनिक स्वच्छतागृहांत लैंगिक संबंधांसाठी एकमेकांना भेटणाऱ्या पुरुषांवर संशोधन प्रसिद्ध केलं. निम्म्याहून जास्त जण बायकोसोबत राहणारे विवाहित पुरुष निघाले, हा निष्कर्ष मोलाचा होता. पण तो मिळवण्यासाठी त्यांनी गाड्यांचे क्रमांक टिपून पत्ते काढले आणि वेश बदलून दुसऱ्याच सर्वेक्षणाच्या बहाण्याने त्या घरांत गेले. ती यादी बाहेर पडली असती तर त्या काळात माणसं तुरुंगात गेली असती. आज कुठलीही नीतिसमिती याला परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

सभ्य मार्गही उपलब्ध आहेत. मुलाखतकार दूर ठेवून कानाला हेडफोन लावायचा, संगणकाने प्रश्न ऐकवायचा, उत्तर बटणाने द्यायचं. अमेरिकेत किशोरवयीन मुलग्यांवर १९९५ मध्ये हे करून पाहिलं, तेव्हा दुसऱ्या मुलाशी लैंगिक संबंध आल्याचं सांगणारे कागदावर १.५ टक्के होते, हेडफोनवर ५.५ टक्के. आणखी एक मार्ग यादीचा. एका गटाला चार साधी विधानं देतात आणि विचारतात, यातली किती तुम्हाला लागू आहेत? कोणती ते सांगायचं नाही, फक्त संख्या. दुसऱ्या गटाला तीच चार आणि पाचवं संवेदनशील विधान. पहिल्याची सरासरी १.८० आणि दुसऱ्याची १.९२ आली, तर पाचवं विधान साधारण १२ टक्क्यांना लागू. कुणाचं उत्तर काय हे संशोधकालाही कळत नाही. मात्र चारही साधी विधानं एखाद्याला लागू असतील तर 'पाच' म्हणताच तो उघडा पडतो, म्हणून एक लागू असेल तर दुसरं सहसा नसेल अशी विधानं निवडावी लागतात. आणि या गुप्ततेची किंमत नमुन्यात मोजावी लागते: दोन्ही गटांत हजार-हजार माणसं घेतली तरी त्या १२ टक्क्यांना साधारण ८ टक्के मागेपुढे धरावं लागतं, तर तेवढ्याच दोन हजारांना सरळ विचारलं असतं तर दीड टक्क्यात भागलं असतं.